ऑझीच्या मागे राहिलेल्या तिघांना

भोसरी, पुणे
ऑगस्ट २०२५

प्रति,
श्री. टोनी आयोमी, श्री. गीझर बटलर आणि श्री. बिल वॉर्ड यांस,

स. न. वि. वि.

२२ जुलै रोजी ऑझी ऑस्बॉर्न, इंग्लंडमधल्या आपल्या 'ब्लॅक सॅबथ' या बॅंडचा गायक, गेला. त्याच्या घरच्यांचे सांत्वन करणारे जगभर आहेत आणि त्यांच्या दुःखात परक्याने फार लुडबुड करू नये, असे मला वाटते. परंतु आमच्याकडे माणूस गेला की घरच्यांप्रमाणेच, त्याच्याबरोबर एका पाळीत वर्षानुवर्षे काम केलेल्यांकडेही लोक जाऊन बसतात. फारसे बोलत नाहीत, चहा घेतात, गेलेल्याची एखादी खोड निघते आणि उठतात. हे पत्र म्हणजे तशी भेट समजावी. ते मराठीत आहे, कारण दुखवट्याची भाषा मला दुसरी येत नाही. आणि ते उघड आहे, कारण ऑझीविषयी जे सांगायचे आहे ते माझ्या भाषेतल्या माणसांनीही ऐकावे अशी माझी इच्छा आहे.

आपणा तिघांना मी 'आपण' म्हणतो आहे आणि त्याला मात्र 'तो' म्हणणार आहे. त्यात अनादर नाही. ज्याला वयाच्या सतराव्या वर्षापासून ऐकत आलो, त्याला अहो-जाहो करायला जीभ वळत नाही. विठोबालाही आम्ही एकेरीच हाक मारतो.

तो गेल्याची बातमी आमच्याकडे २३ तारखेच्या सकाळी सगळीकडे झाली, आणि जवळपास प्रत्येक बातमीत पहिल्या दोन वाक्यांत वटवाघूळ होते. २० जानेवारी १९८२ रोजी अमेरिकेतल्या डी मॉइन शहरात प्रेक्षकांतून कोणीतरी फेकलेले वटवाघूळ त्याने रबराचे समजून चावले आणि मग रेबीजची इंजेक्शने घेतली, ही हकिकत खरीच आहे. पण शहात्तर वर्षांच्या आयुष्यातून आणि पन्नासाहून अधिक वर्षांच्या गाण्यातून एवढेच निवडून ते मृत्युवार्तेच्या माथ्यावर लावायचे, आणि वर 'अंधाराचा राजपुत्र' ही पदवी चिकटवायची, यातून वाचकाच्या मनात जो माणूस उभा राहतो तो लोकांना भिववणारा माणूस असतो. मला ते अगदी उलटे वाटते. ऑझी भिववणारा नव्हता, तो भ्यालेला होता, आणि आपली भीती लपवण्याची त्याला लाज किंवा अक्कल नव्हती म्हणूनच तो आम्हाला आपला वाटला. हे आपणास माझ्यापेक्षा कितीतरी अधिक ठाऊक असणार. तरीही मला ते कसे कळले, हे सांगण्यासाठी थोडे माझ्या घराकडे वळावे लागेल.

मी टूलरूममध्ये काम करतो. प्रेसच्या डाय, म्हणजे पत्रा कापण्या-वाकवण्याचे साचे, बनवणे आणि दुरुस्त करणे हा माझा व्यवसाय. माझे वडील मात्र प्रेसवरच होते. भोसरीतल्या एका लहानशा प्रेसशॉपमध्ये ते पत्र्याचे वॉशर आणि कंस काढत असत, आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी वस्तीतल्या भजनी मंडळात पेटी वाजवत असत. १९८८ साली एका रात्रपाळीत त्यांच्या उजव्या हाताच्या पहिल्या दोन बोटांची टोके गेली. प्रेसचा गार्ड काम भराभर निघावे म्हणून काढून ठेवलेला होता आणि क्लच झिजलेला होता, त्यामुळे पेडलवरचा पाय उचलल्यानंतरही प्रेसने आपण होऊन दुसरा ठोका मारला. या पट्ट्यातल्या लोकांना यात नवल काही वाटणार नाही. आमच्याकडे बसमध्ये दांडीला धरलेले हात पाहिले, तरी कोण प्रेसवर आहे ते कळते.

जखम भरल्यावर ते पुन्हा त्याच शॉपमध्ये गेले, कारण दुसरीकडे जाण्यासारखे काही नव्हते. त्या दिवसांतली त्यांची एक गोष्ट मला नीट आठवते. कामावर निघण्यापूर्वी ते उंबऱ्याजवळ चप्पल घालून उभे राहत आणि उजवा पाय नुसताच दोनदा दाबून उचलत, जणू पेडल तपासत आहेत. त्यांना भीती वाटत असे. ती त्यांनी आम्हाला कधी बोलून दाखवली नाही. बापाने ती बोलायची नसते.

टोनी, आपली गोष्ट मला चार वर्षांनी कळली. औंधच्या आयटीआयमधल्या एका मित्राने मला एक कॅसेट दिली. नव्वद मिनिटांची कोरी कॅसेट घेऊन तिच्या एका बाजूला आपला पहिला अल्बम आणि दुसऱ्या बाजूला दुसरा, असे त्याने भरून घेतले होते. वर पेन्सिलने फक्त 'सॅबथ' लिहिले होते. कॅसेट देताना त्याने एवढेच सांगितले की, यातल्या गिटारवाल्याची बोटे प्रेसमध्ये गेलेली आहेत. मला ते आधी खोटे वाटले. पुढे तपशील वाचले तेव्हा अंगावर काटा आला तो गूढ-बिढ कशामुळे नव्हे, तर सगळे फार ओळखीचे होते म्हणून. सतरा वर्षांचा मुलगा, पत्र्याच्या कारखान्यातला नोकरीचा शेवटचा दिवस, प्रेसवरचा माणूस गैरहजर म्हणून वेल्डिंगच्या कामावरून उचलून प्रेसवर बसवलेला. दुपारी जेवायला घरी आल्यावर त्याने आईला सांगितले की आता परत जात नाही, आणि आईने सांगितले की जा, दिवस पुरा करून ये. ते शेवटचे वाक्य तर कोणत्याही आईचे आहे. त्या माउलीने पुढे किती वर्षे ते मनात घोळवले असेल, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

मग आपण भांडी घासण्याच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवून तिच्यातून बोटांना टोप्या केल्या, वर कातड्याचा तुकडा चिकटवला, जाड तारा दाबवेनात म्हणून बॅंजोच्या पातळ तारा चढवल्या, आणि पुढे तारा सैल करून सूरही खाली उतरवला. टूलरूमचा माणूस म्हणून सांगतो, हे कलावंताचे काम आहे तितकेच फिटरचेही आहे. जॉब बसत नसेल तर डाय बदलायची, डाय बदलता येत नसेल तर पॅकिंग घालायचे. साऱ्या जगाने ज्या जड, खालच्या सुराला पुढे हेवी मेटल म्हटले, त्याच्या मुळाशी एका जखमी हाताने केलेले हे पॅकिंग होते.

वडिलांना मी हे सांगितले तेव्हा ते काही बोलले नाहीत. त्यांनी स्वतः दुसरा मार्ग काढलेला होता. उजव्या हाताने भाता आणि डाव्या हाताने पट्ट्या, असे हात पालटून ते तीन वर्षे झगडले होते आणि कसेबसे भजनाला साथ करण्याइतपत आले होते. त्या रात्री त्यांनी कॅसेट लावायला सांगितली. आपल्या पहिल्या अल्बमची सुरुवात पावसाने होते, लांब कुठेतरी घंटा वाजते, आणि मग गिटारवर तेच ते तीन स्वर येतात. १३ फेब्रुवारी १९७०, शुक्रवार, हे त्याच्या प्रकाशनाचे दिवस-वार आणि सबंध ध्वनिमुद्रण एका दिवसात उरकलेले, हे मी त्यांना मोठ्या कौतुकाने सांगत होतो. वडिलांनी हात वर करून मला गप्प केले, पेटी पुढे ओढली आणि डाव्या हाताने ते स्वर शोधले. सा, वरचा सा, आणि मग तीव्र मध्यम. पुन्हा सा, वरचा सा, तीव्र मध्यम. मी त्यांना म्हटले की युरोपात या अंतराला सैतानाचा स्वर म्हणतात. ते म्हणाले, "तीव्र मध्यम आहे. यमनात रोज लावतो. त्यात सैतान कुठला आला?" थोड्या वेळाने मात्र म्हणाले, "पंचम देत नाहीत. पंचमावर उतरू दिले असते, तर जीव खाली पडला असता."

त्यानंतर ऑझीचा आवाज येतो. गिटार, बास आणि ड्रम सगळे मागे सरतात आणि तो जवळजवळ एकटाच, समोर उभे असलेले हे काय आहे म्हणून विचारतो. वडिलांना इंग्रजी येत नाही. शब्दांपैकी एकही त्यांना कळला नसणार. त्यांनी पूर्ण गाणे ऐकले, मान हलवली आणि म्हणाले, "हा खरंच घाबरलाय रे."

तेहतीस वर्षे झाली, ऑझीविषयी यापेक्षा नेमके वाक्य मला कोठे वाचायला मिळालेले नाही. भुताखेतांची गाणी पुष्कळांनी केली. रंग फासून, खर्ज लावून, डोळे वटारून त्यांनी ऐकणाऱ्याला भिववले. ऑझीचा आवाज त्या कामाचा नव्हताच. तो पातळ, उंच, किंचित नाकातला आणि थेट होता. त्याला फिरत नव्हती, घोटीव ताना नव्हत्या. टोनी, आपली गिटार जी चाल धरी तिच्याच अंगाने पुष्कळदा तो गात असे, आणि अनेक समीक्षकांनी हे त्याच्यातले उणे म्हणून मोजले आहे. मला त्यात उणे काही दिसत नाही. समोरून मोठे यंत्र चालत येत असताना माणूस त्याच्यावर कलाकुसर करत नाही, त्याच्या ठोक्याबरोबर ओरडतो. आमच्या शॉपमध्ये दोन माणसांना एकमेकांशी बोलायचे असेल, तर त्यांनाही प्रेसच्या ठोक्यांच्या मधल्या फटीत आवाज घालावा लागतो. त्याचा आवाज तसा फटीत घातलेला होता.

हे त्याला कोणी शिकवले नसणार, पण तो कुठून आला होता हे पाहिले तर फारसे आश्चर्यही वाटत नाही. ३ डिसेंबर १९४८ चा जन्म, बर्मिंगहॅमच्या ॲस्टन भागातल्या लॉज रोडवरचे लहानसे घर, सहा भावंडे. वडील जॅक टूलमेकर, म्हणजे माझ्याच धंद्यातले, आणि तेही रात्रपाळीवाले. आई मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या ल्युकसच्या कारखान्यात. अक्षरे डोळ्यांपुढे नाचत म्हणून शाळेत हेटाळणी झालेली. पंधराव्या वर्षी शाळा सुटली. त्यानंतर थोडे प्लंबिंग, थोडी टूलमेकरची उमेदवारी, कत्तलखान्यातले काम, आणि आईच्याच कारखान्यात मोटारींचे हॉर्न सुरात लावण्याचे काम. दिवसभर एका बंद खोलीत बसायचे आणि एकामागून एक येणारा हॉर्न वाजवून, कान देऊन, त्याचा सूर बसवायचा. त्याच्या संगीतशिक्षणाची चौकशी करणाऱ्यांनी या खोलीकडे दुर्लक्ष केले आहे असे मला वाटते. पुढे चोरीच्या गुन्ह्यात दंड झाला आणि तो भरायला वडिलांनी नकार दिला, तेव्हा विन्सन ग्रीनच्या तुरुंगात काही आठवडेही काढून झाले. त्याच वडिलांनी नंतर पदरमोड करून त्याला माइक आणि स्पीकर घेऊन दिले. त्या पिढीतल्या कामगार बापाची माया अशीच असते: दंड भरणार नाहीत, पण स्पीकर आणतील.

त्या स्पीकरच्या जोरावर त्याने वाद्यांच्या दुकानात चिठ्ठी लावली की ऑझी झिगला काम हवे आहे आणि त्याच्याकडे स्वतःचा पीए, म्हणजे माइक-स्पीकरचा संच, आहे. टोनी आणि बिल, ती चिठ्ठी वाचून आपण दोघे त्याच्या दारात गेलात, आणि दार उघडल्यावर टोनींना दिसला तो शाळेत एक वर्ष मागे असलेला, त्यांनी मुळीच न मोजलेला मुलगा. आपण त्या दारातून तसेच परत फिरला असता तर काय झाले असते, याचा हिशेब मी करत बसत नाही. तो हिशेब गीझरांनी करावा, हिशेबनिसाची उमेदवारी त्यांनी केलेली आहे.

गीझर, आपल्याशी थोडे वेगळे बोलायचे आहे. त्या गाण्यांतले बहुतेक शब्द आपले होते. व्हिएतनाममध्ये गरिबांची पोरे मरायला पाठवून स्वतः मागे राहणारे सत्ताधीश, अणुबॉम्बच्या सावलीत वाढलेली पिढी, युद्धावरून सुईचे व्यसन घेऊन परतलेले शिपाई, हे सारे १९७० च्या आसपास आपण लिहीत होतात, आणि त्याच काळात बाकीचे रॉक संगीत बरेचसे फुलांचे हार घालून डोलत होते. वाचायला त्रास होणाऱ्या माणसाच्या तोंडी आपण ते शब्द दिले. चाल मात्र त्याची त्याने शोधली. आमच्याकडे अभंग लिहिणारा एक आणि तो पिढ्यान्‌पिढ्या गाणारे दुसरे, असे असते. ज्याला अक्षरओळख नाही असा वारकरीही तो अशा खात्रीने म्हणतो की शब्द त्याचेच वाटावेत. ऑझीने आपले शब्द तसे म्हटले. युद्धाविषयी तो मत मांडत नसे. यादीत आपलेच नाव निघाले आहे अशा आवाजात तो ते म्हणे. आपण पुस्तकातून आणि वर्तमानपत्रातून गोळा केलेली भीती त्याच्या गळ्यात गेल्यावर अंगातली भीती झाली.

त्याला देव्हाऱ्यात बसवण्याचा माझा विचार नाही. दारू आणि अमली पदार्थांनी त्याने स्वतःची वाट लावली आणि जवळच्यांचीही. १९८९ साली त्याने पत्नी शॅरन यांचा गळा दाबला आणि त्याला अटक झाली. त्या वाचल्या आणि पुढेही त्याच्याबरोबर राहिल्या, हा त्यांचा निर्णय होता, त्याचे श्रेय त्याच्या खात्यावर लिहिता येत नाही. चाहते म्हणवणारे आम्ही लोक ही गोष्ट हळू आवाजात सांगतो आणि वटवाघळाची मोठ्याने, हे काही बरोबर नाही. भ्यालेला माणूस नेहमी केविलवाणाच असतो असे नाही. तो घातकही असतो.

१९७९ च्या एप्रिलमध्ये आपण त्याला काढून टाकले. बिल, ते त्याला सांगण्याचे काम आपल्यावर आले होते. ज्या हातांनी त्याच्या मागे अकरा वर्षे ठेका धरला, त्याच माणसाने जाऊन सांगायचे की उद्यापासून येऊ नकोस. आमच्या शॉपमध्ये कपात होते तेव्हाही मालक कधी येत नाही, यादी घेऊन सुपरवायझर येतो, आणि तो बहुतेक वेळा त्या माणसाचा डबा वाटून खाल्लेला असतो. नंतर हॉटेलच्या खोलीत कोंडून घेऊन पीत पडलेल्या ऑझीला शॅरन यांनी बाहेर काढले, रँडी ऱ्होड्ससारखा कोवळा आणि विलक्षण गिटारवादक त्याला मिळाला, आणि दोन अल्बम झाले न झाले तोच १९ मार्च १९८२ ला फ्लॉरिडात विमान कोसळून तो पोरगा पंचविसाव्या वर्षी गेला. ऑझी तेव्हा जवळच उभ्या असलेल्या बसमध्ये झोपलेला होता. वटवाघळाची घटना त्याच्या अवघी दोन महिने आधीची आहे. एकाच हिवाळ्यातल्या या दोन गोष्टींपैकी जगाने कोणती लक्षात ठेवली ते पाहा.

आता ५ जुलैच्या त्याच्या शेवटच्या कार्यक्रमाविषयी.

आपला कार्यक्रम प्रत्यक्ष पाहण्याचा योग माझ्या वाट्याला कधी आला नाही. तिकीट, व्हिसा आणि विमानभाडे यांची बेरीज करून मी तो नाद केव्हाच सोडला होता. या वेळी मात्र घरी बसून पैसे भरून प्रक्षेपण पाहण्याची सोय होती. ते दोन तास मागाहून दाखवले जात होते आणि आमचे घड्याळ तर आपल्यापुढे साडेचार तास, त्यामुळे ऑझी येईपर्यंत इकडे ६ जुलैची पहाट होत आली होती. आता योग असा, की ती आषाढी एकादशीची पहाट होती. वडिलांचे वय ऐंशीला टेकले आहे, गुडघ्यांमुळे त्यांची वारी थांबली आहे, पण पंढरपूरची शासकीय महापूजा दूरदर्शनवर पाहण्यासाठी ते दर वर्षी मध्यरात्री उठून आंघोळ करून बसतात. बाहेरच्या खोलीत विठ्ठलाला अभिषेक चालला होता आणि आतल्या खोलीत मी लॅपटॉपपुढे व्हिला पार्कवर होतो.

व्हिला पार्क म्हणजे ॲस्टनमधलेच फुटबॉलचे मैदान. लहानपणी सामन्याच्या दिवशी तिथे येणाऱ्यांच्या मोटारी राखून ऑझी चार पैसे मिळवी. त्याच मैदानावर चाळीस हजारांहून अधिक माणसे दुपारपासून जमली होती. मेटॅलिकापासून स्लेअरपर्यंत, ज्यांच्या नावावर स्टेडियम भरतात असे लोक स्वतःचे थोडे आणि आपले थोडे वाजवून बाजूला होत होते. उत्पन्न पार्किन्सनच्या संशोधनाला आणि मुलांच्या रुग्णालयाला व शुश्रूषागृहाला जाणार होते. मग रंगमंचाखालून काळ्या सिंहासनावर बसलेला तो वर आला. पार्किन्सन झाल्याचे त्याने २०२० मध्ये जाहीर केले होते. पडणे, मणक्याच्या शस्त्रक्रिया हे सगळे चालूच होते. पाच गाणी त्याने स्वतःच्या वेगळ्या बॅंडबरोबर म्हटली. मध्येच तो दोन्ही हातांनी खुर्चीचे हात धरून उठायचा प्रयत्न करी, अर्धा उठे आणि पुन्हा बसे.

त्यानंतर आपण तिघे आलात. २००५ नंतर प्रथमच चौघे एकत्र. २०१२ मध्ये करारावरून बिनसल्यामुळे बिल पुढच्या अल्बमात नव्हते, २०१७ च्या निरोपाच्या कार्यक्रमातही नव्हते, आणि ती जागा कोणीही भरली तरी रिकामी दिसत असे. आता सत्त्याहत्तर वर्षांचे बिल सदरा काढून ड्रमवर बसले होते. टोनींनी गिटार घेतली, आणि मी लॅपटॉपचा आवाज वाढवला. गाणी चारच झाली.

वडील कधी दारात येऊन उभे राहिले ते मला कळले नाही. महापूजा संपली होती. कपाळावर बुक्का होता. ते बराच वेळ काही न बोलता पाहत राहिले आणि मग विचारले, "हाच का तो, घाबरलेला?" मी हो म्हटले. पडद्यावर ऑझी बसल्या जागेवरून टाळ्या वाजवून लोकांना वाजवायला लावत होता. वडील वाकून जवळ आले, आणि म्हणाले, "हात थरथरतोय. पण टाळी समेवर पडतेय बघ."

शेवटी टोनींनी त्याचा हात हातात घेतला आणि गीझरांनी त्याच्यापुढे केक धरला. चौघांनी गळ्यात गळे घालून वाकून नमस्कार करण्याचा नेहमीचा प्रकार या वेळी जमण्यासारखा नव्हता. खुर्ची मध्ये होती. मला तो केक पाहून का कोण जाणे, शॉपमधला निवृत्तीचा कार्यक्रम आठवला. तिथेही असाच एक केक असतो, शाल असते, आणि कोणाला नेमके काय करावे ते सुचत नाही.

सतरा दिवसांनी तो गेला.

३० जुलैला बर्मिंगहॅमच्या ब्रॉड स्ट्रीटवरून त्याची अंत्ययात्रा आपल्या चौघांच्या नावाच्या पुलापर्यंत आली, ती मी पाळी बदलण्याच्या वेळी गेटबाहेर उभा राहून मोबाइलवर पाहिली. पुढे पितळी वाद्यांचा बॅंड आपलीच गाणी वाजवत चालला होता. आमच्याकडे भजन करणारा माणूस गेला की मंडळातले लोक टाळ-मृदंग घेऊन अभंग म्हणत त्याच्या पुढे चालतात, तशातलेच ते मला वाटले. शेजारी उभ्या असलेल्या, विशी-बाविशीतल्या एका कंत्राटी पोराने डोकावून विचारले की हा कोण मंत्री. मी सांगितले, हॉर्न जुळवणारा होता. तो हसला, पण मी काही विनोद केलेला नव्हता.

आपणाकडे मागणे म्हणावे तर दोनच आहेत. अलीकडे गेलेल्या गायकांचे आवाज यंत्राकडून नव्याने गाऊन घेण्याचे तंत्र निघाले आहे, आणि ऑझीच्या आवाजावर कोणाचा ना कोणाचा डोळा आज ना उद्या जाणारच. अधिकार कोणाकडे आहेत ते मला माहीत नाही, परंतु कोणी आपले मत विचारले तर नको म्हणावे. सूर जुळेल, नाकातली धारही जुळेल; पण माझ्या वडिलांनी एका ऐकण्यात जे ओळखले ते त्या यंत्राला कुठून आणता येणार? ज्या प्रेसने त्यांची बोटे नेली, तिलाही भीती वाटत नव्हती.

दुसरे मागणे असे, की आता पुढची काही वर्षे आपणा तिघांना त्याच्याविषयी पुन्हा पुन्हा विचारले जाईल. मुलाखत घेणारा वटवाघळावर येईलच. तेव्हा त्याला एकदा ती हॉर्नची बंद खोली, जॅक ऑस्बॉर्न यांच्या रात्रपाळ्या आणि वडिलांनी घेऊन दिलेले ते स्पीकर यांच्याविषयी सांगावे. ते आपण याआधीही सांगितलेले आहे, हे मला ठाऊक आहे. आणखी एकदा सांगावे.

ऑझीला निरोप द्यायला मला वेगळे शब्द सापडले नाहीत. २३ तारखेला टूलरूममध्ये माझ्या टेबलावर एक झिजलेला पंच दुरुस्तीला आला होता. मोबाइलवर हळू आवाजात ते पहिले गाणे लावून मी तो घासायला घेतला. पाऊस, घंटा, सा, वरचा सा, तीव्र मध्यम. त्याचा आवाज आला तेव्हा पलीकडच्या शॉपमधली मोठी प्रेस नेमकी सुरू झाली आणि पुढचे मला काही ऐकू आले नाही. मी गाणे बंद केले नाही.

हे पत्र लिहीत असताना वडील विचारत होते की कोणाला लिहितोस. मी सांगितले. टोनी, त्यांनी आपल्यासाठी एक निरोप, म्हणजे खरे तर प्रश्न दिला आहे, तो त्यांच्याच शब्दांत कळवतो. "त्यांना विचार, तिकडे थंडी फार. बोटं ठणकतात का? आणि ठणकली तर काय लावतात?"

कळावे, लोभ असावा.

आपला,
भोसरीतला एक टूलरूम कामगार